कंपवात : औषधोपचाराला पुनर्वसनाची जोड

वाढत्या आयुर्मानाबरोबर ज्या व्याधींशी रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबाला दीर्घकाळ सहवास करावा लागतो, त्यांत पार्किन्सन्सच्या आजाराचे, म्हणजेच कंपवाताचे, स्थान बरेच वरचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगभरात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता. तो संसर्गजन्य नाही आणि तो झाल्यावरही माणूस पुष्कळ वर्षे जगतो. मात्र ती वर्षे तो कशी जगतो, हे केवळ गोळ्यांवर ठरत नाही. औषधांच्या जोडीला योग्य पुनर्वसन उपचार मिळाले, तर स्वतःच्या पायांनी चालणे, स्वतःच्या हाताने जेवणे आणि आपले म्हणणे दुसऱ्याला ऐकू जाईल असे बोलणे, या तीन गोष्टी दीर्घकाळ टिकवता येतात. ही गोष्ट अद्याप अनेक कुटुंबांपर्यंत पोहोचलेली नाही, म्हणून प्रस्तुत अहवालात या विषयाचा परामर्श घेत आहोत.

आजाराची ओळख

लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एका छोट्या निबंधात या आजाराचे वर्णन केले. त्यात त्यांनी सहा रुग्णांची हकीकत दिली आहे. त्यांपैकी काहींना त्यांनी केवळ रस्त्यावरून जाताना पाहिले होते. पुढे झुकलेले शरीर आणि आखूड, घाईची पावले पाहूनही हा आजार लक्षात येतो, हे यावरून दिसते. पार्किन्सन यांचा ११ एप्रिल हा जन्मदिन आज जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे आयुर्वेदाच्या परंपरेत ‘कंपवात’ हे नाव आधीपासून प्रचलित आहे.

मुंबईचेही या आजाराच्या अभ्यासात योगदान आहे. शहरातील पारशी वसाहतींमध्ये घरोघरी जाऊन केलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. १४,०१० व्यक्तींच्या या पाहणीत ४६ जणांना पार्किन्सन्स आढळला, म्हणजे दर लाखामागे सुमारे ३२८. या समाजात वृद्धांचे प्रमाण अधिक असल्याने हा आकडा सर्व शहराला सरसकट लागू होत नाही. तथापि ज्या वस्तीत ज्येष्ठांची संख्या वाढते, त्या वस्तीत या आजाराचीही तयारी ठेवावी लागते, हा त्याचा बोध सर्वांनाच लागू आहे.

मेंदूच्या खोलवरच्या एका काळसर भागातील पेशी ‘डोपामिन’ हे रसायन तयार करतात. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होतात. हाताचा कंप सर्वांच्या नजरेस पडतो. परंतु हालचालींचा मंदपणा, स्नायूंचा ताठरपणा आणि बिघडलेला तोल यांनी रुग्ण अधिक परावलंबी होतो. काही रुग्णांत कंप जवळजवळ नसतोच. त्यामुळे ‘वयामुळे मंदावले आहेत’ किंवा ‘अंगात आळस भरला आहे’ असा समज होऊन निदानास विलंब होतो. चेहऱ्यावरचे भाव कमी झाल्याने माणूस रागावला आहे किंवा त्याला कशातच रस उरलेला नाही, असेही घरच्यांना वाटू लागते. वस्तुतः रुग्णाची इच्छाशक्ती शाबूत असते. इच्छा आणि हालचाल यांना जोडणारी वाट अवरुद्ध झालेली असते.

जलद मार्ग आणि धिमा मार्ग

निरोगी माणूस चालताना पाऊल कसे टाकायचे याचा विचार करत नाही. तो चालता चालता बोलतो, खिशातून पास काढतो, समोरून येणाऱ्याला वाट देतो. अशा अंगवळणी पडलेल्या हालचालींचा कारभार मेंदूचा जो भाग आपसूक पाहतो, त्याच भागाला कंपवातात डोपामिनची उणीव भासते. परंतु हेतुपुरस्सर, लक्ष देऊन केलेल्या हालचालीसाठी मेंदू अन्य केंद्रांचाही उपयोग करतो आणि ती केंद्रे तुलनेने सुस्थितीत असतात.

गोरेगावकरांना हे समजावयास उपनगरी रेल्वेचा दृष्टांत पुरेसा आहे. जलद मार्गावर ब्लॉक असला की गाड्या धिम्या मार्गावरून वळवल्या जातात. वेळ अधिक लागतो, गर्दी झाली तर खोळंबाही होतो. पण गाडी पोहोचते. कंपवाताच्या रुग्णाला आपल्या हालचाली अशाच दुसऱ्या मार्गावरून नेण्यास शिकवणे, हे पुनर्वसन उपचाराचे एक प्रमुख सूत्र आहे.

या सूत्राचा प्रत्यय एका चमत्कारिक वाटणाऱ्या अनुभवातून येतो. सपाट फलाटावर पाय जमिनीला चिकटल्यासारखा होऊन जागीच थबकणारा रुग्ण पादचारी पुलाच्या पायऱ्या मात्र विनासायास चढून जातो. पाहणाऱ्याला हे ढोंग वाटते. खरे कारण असे, की प्रत्येक पायरी डोळ्यांना पुढच्या पावलाची जागा दाखवते. सपाट जमीन तशी कोणतीच खूण देत नाही. (तोल किती सावरतो याची परीक्षा झाल्याशिवाय कोणाही रुग्णाने एकट्याने जिने चढू नयेत, हे येथे आवर्जून सांगावयास हवे.)

१९६७ : एकाच वर्षातील दोन वाटा

१९६७ हे वर्ष या आजाराच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी अमेरिकेत डॉ. जॉर्ज कोट्झियास यांनी ‘लेव्होडोपा’ची मात्रा हळूहळू वाढवत नेल्यास रुग्णांत लक्षणीय सुधारणा होते, हे दाखवून दिले. आजही हेच या आजारातील प्रमुख औषध आहे. त्याच वर्षी ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जमिनीवर आडव्या रेषा आखल्या असता थबकलेले रुग्ण त्या ओलांडत चालू लागतात, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले होते. एका वाटेने गोळी आली आणि दुसऱ्या वाटेने जमिनीवरचे पट्टे आले. पहिल्या वाटेची कीर्ती सर्वत्र झाली, दुसरी बराच काळ उपेक्षित राहिली.

लेव्होडोपाचा भारताशीही संबंध आहे. खाजकुहिलीच्या बियांमध्ये हे द्रव्य असते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. तथापि बियांमधील द्रव्याचे प्रमाण सारखे नसते, म्हणून चालू औषधांबरोबर असे चूर्ण डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. त्याचप्रमाणे चालू औषध एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

उपचारांचे स्वरूप

पुनर्वसन हे एका व्यक्तीचे काम नाही. भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, वाचोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मेंदूविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली ते एकत्रितपणे करावयाचे असते.

चाल : रुग्णास पाऊल लांब टाकण्यास, टाच आधी टेकण्यास आणि हात मोकळे हलवण्यास शिकवले जाते. जमिनीवर एकेका पावलाच्या अंतरावर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या हा डोळ्यांसाठीचा संकेत, तर ठेका हा कानांसाठीचा. भजनातील टाळ, कवायतीतील ‘डावा-उजवा’ किंवा मनातल्या मनात मोजलेले ‘एक-दोन’ यांपैकी जे रुग्णाच्या परिचयाचे असेल ते वापरावे. ठेका त्याच्या नेहमीच्या चालीशी जुळणारा असावा. अतिजलद ठेक्याने पावले आखूड होऊन तोल जाण्याचा संभव असतो.

थबकणे : दाराशी, वळणावर, उद्वाहनात शिरताना किंवा रस्ता ओलांडण्याच्या घाईत पाय अडतात. अशा वेळी रुग्णाने पुढे रेटू नये. प्रथम पूर्ण थांबावे, ताठ उभे राहावे, शरीराचा भार एकदा डाव्या व एकदा उजव्या पायावर द्यावा आणि मग एक मोठे पाऊल टाकावे. सोबतच्या माणसाने हात धरून ओढू नये. त्याने ठेका मोजावा किंवा आपले पाऊल रुग्णाच्या पावलापुढे आडवे ठेवून ‘हे ओलांडा’ असे म्हणावे.

तोल व वळणे : जागच्या जागी गर्रकन वळणे हे पडण्याचे एक नेहमीचे कारण आहे. घड्याळाच्या काट्यासारखे लहान पावलांनी, पण मोठा वळसा घेऊन वळण्याचा सराव करावा लागतो. ताई-ची या चिनी व्यायामप्रकारावरील १९५ रुग्णांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी एक तास, असे २४ आठवडे शिकलेल्या रुग्णांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला, असे त्यात आढळले.

आवाज : रुग्णाचा आवाज हळूहळू क्षीण होतो, परंतु त्याला स्वतःला तो पूर्वीइतकाच वाटतो. ‘मी नीटच बोलतो, तुम्हालाच ऐकू येत नाही’ हा घराघरांतील वाद यातून उद्भवतो. १९८७ साली अमेरिकेत विकसित होऊ लागलेल्या आणि ली सिल्व्हरमन या रुग्ण महिलेचे नाव दिलेल्या पद्धतीत चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास मोठ्याने बोलण्याचा सराव घेतला जातो. ‘मोठ्याने’ या एकाच सूचनेने श्वास, उच्चार आणि चेहऱ्याचे हावभाव हे तिन्ही सुधारतात. रोज वर्तमानपत्रातील एक उतारा खणखणीत आवाजात वाचणे, हा त्याचा घरगुती पाठ होय.

गिळणे : जेवताना ताठ बसावे, घास लहान घ्यावा, तोंडातला घास संपल्यावरच पुढचा घ्यावा आणि जेवताना बोलणे व दूरदर्शन टाळावे. पाण्याने वारंवार ठसका लागणे किंवा पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर होणे ही धोक्याची सूचना आहे. अन्नाचे कण फुप्फुसात गेल्याने होणारा न्यूमोनिया या आजारात जिवावर बेततो. त्यामुळे अशा रुग्णाची तपासणी वाचोपचारतज्ज्ञाकडून त्वरित करून घ्यावी.

हात व दैनंदिन कामे : अक्षर बारीक होत जाणे हे अनेकदा आरंभीचे लक्षण असते. शाळेतील मुलांच्या दुरेघी वहीत, दोन्ही रेषांना टेकेल असे अक्षर गिरवण्याने त्यात फरक पडतो. कारण त्या रेषाही जमिनीवरील पट्ट्यांसारख्याच खुणा ठरतात. सदऱ्याच्या बटणांऐवजी चिकटपट्टी, जाड मुठीचा चमचा, उभ्या कडेची ताटली अशा साध्या साधनांनी परावलंबित्व कमी होते.

घर हीच व्यायामशाळा

गोरेगावात बैठी घरे आहेत, उद्वाहन नसलेल्या जुन्या इमारती आहेत आणि अलीकडचे उंच मनोरेही आहेत. प्रत्येक घराची अडचण निराळी असते. बैठ्या घरात उंबरठा, मोरीचा ओलावा आणि खोलीत दाटीने ठेवलेले सामान. जुन्या इमारतीत जिना. मनोऱ्यात उद्वाहनाचे आपोआप मिटणारे दार. म्हणून सर्वांना एकच छापील यादी देण्यापेक्षा रुग्णाच्या घराचा नकाशा समोर ठेवून सल्ला देणे अधिक उपयुक्त ठरते.

तरीही काही सूचना सर्वांनाच लागू पडतात. घसरणारी पायपुसणी काढावीत. पलंग ते शौचालय ही वाट मोकळी ठेवावी आणि तेथे रात्रभर मंद दिवा असावा. शौचकूप उंच असावे व त्याशेजारी भिंतीत पक्की दांडी बसवावी. स्नान स्टुलावर बसून करावे. खुर्ची घट्ट बैठकीची आणि हातांची असावी. उठताना आधी पुढच्या कडेला सरकावे, पावले मागे घ्यावीत, अंग पुढे झुकवावे आणि तीन आकडे मोजून उठावे. झोपेतून उठल्यावर काही वेळ पलंगाच्या कडेवर बसावे, कारण उभे राहताच रक्तदाब उतरून घेरी येण्याची प्रवृत्ती या आजारात असते.

चालताना बोलण्याचा मोह टाळावा. धिम्या मार्गावर एका वेळी एकच गाडी नीट जाते. चालणे आणि भ्रमणध्वनीवरील संभाषण या दोन गाड्या एकदम सोडल्या तर अपघात ठरलेलाच. स्वामी विवेकानंद मार्गासारखा वर्दळीचा रस्ता ओलांडताना तर सोबत्यानेही मौन पाळावे. सकाळी आरे वसाहतीच्या रस्त्यांवर अनेक गोरेगावकर फिरावयास जातात. तेथे मित्रांच्या घोळक्यात गप्पा मारत चालण्यापेक्षा रुग्णाने पावलांकडे लक्ष देऊन आधी चालावे आणि मग बाकावर बसून मनसोक्त बोलावे.

गोळीची वेळ, जेवणाची वेळ, व्यायामाची वेळ

आजार जुना होत जातो तसा गोळीचा अंमल कमी वेळ टिकू लागतो. दिवसाचे काही तास मोकळे जातात, काही जखडलेले. नवे आणि कष्टाचे व्यायाम मोकळ्या वेळात करावेत. थबकल्यावर काय करायचे ही युक्ती मात्र जखडलेल्या वेळीही जमली पाहिजे, म्हणून तिचा सराव तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दोन्ही वेळी व्हावा. कोणत्या वेळी गोळी घेतली, केव्हा मोकळे वाटले आणि केव्हा पाय अडले, याची आठवडाभराची नोंदवही तपासणीस येताना आणल्यास डॉक्टरांना मात्रा ठरवणे सोपे जाते.

प्रथिने पचून तयार होणारे घटक आणि लेव्होडोपा एकाच दाराने आत शिरतात. म्हणून गोळी दुधाबरोबर किंवा डाळ, दही, मांसाहार असलेल्या जेवणाबरोबर न घेता जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने घेण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. प्रथिने वर्ज्य मात्र करू नयेत, त्याने स्नायू झडतात.

केव्हा सुरुवात करावी?

‘अजून चालता येते आहे, व्यायामाचे पुढे पाहू’ असे रुग्ण म्हणतात आणि एकदा पडून खुब्याचे हाड मोडल्यावर भौतिकोपचार विभागात प्रथम येतात. हा क्रम उलटा व्हावयास हवा. निदान झालेल्या आठवड्यातच पहिली भेट व्हावी. अमेरिकेतील १२८ रुग्णांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अद्याप औषधे सुरू न झालेल्या रुग्णांपैकी काहींना सहा महिने, आठवड्यातून तीन दिवस, धावपट्टीवर जोमाने चालवण्यात आले. त्यांची लक्षणे जवळजवळ आहे तशीच राहिली, तर व्यायामाचा असा कार्यक्रम न दिलेल्या रुग्णांची वाढली. व्यायामाने आजार समूळ बरा होतो असे कोणी म्हणत नाही आणि म्हणत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. मात्र आरंभीच्या वर्षांत कमावलेले बळ आणि सवयी पुढील वर्षांत उपयोगी पडतात, हे निश्चित.

आरंभीच्या टप्प्यात दमछाक होईल असा व्यायाम, मधल्या टप्प्यात संकेत आणि तोल यांचे शिक्षण, तर अखेरच्या टप्प्यात सांधे आखडू न देणे, शय्याव्रण टाळणे, सुरक्षित गिळणे व घरच्यांना उचलण्या-बसवण्याच्या पद्धती शिकवणे, असा उपचारांचा रोख बदलत जातो. कोणत्याही टप्प्यावर ‘आता करण्यासारखे काही नाही’ अशी स्थिती नसते.

मुंबईची परंपरा आणि समूहाचे बळ

पुनर्वसनाच्या क्षेत्रात या शहराने देशाला वाट दाखवली आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांच्या प्रयत्नांतून १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले. लवकरच तेथे भौतिकोपचाराचे विद्यालयही उभे राहिले आणि १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. कंपवाताच्या रुग्णांसाठी डॉ. भीमसेन सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली मुंबईत ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ची स्थापना झाली. रुग्ण आणि कुटुंबीय यांचे सहायक गट हे तिच्या कार्याचे प्रमुख अंग आहे. पुण्यात ‘पार्किन्सन्स मित्रमंडळा’ने हेच कार्य मराठीतून केले, तर नर्तक हृषीकेश पवार यांनी रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले.

समूहाचे महत्त्व केवळ करमणुकीपुरते नाही. औदासीन्य हे या आजाराचेच एक अंग आहे आणि कंपामुळे चारचौघांत चहाचा कप उचलण्याचीही लाज वाटू लागल्याने रुग्ण घरात कोंडून घेतो. जेथे सर्वांचेच हात थरथरतात, तेथे ती लाज उरत नाही. शुश्रूषा करणाऱ्या पत्नीला, पतीला किंवा सुनेलाही आपले थकणे बोलून दाखवण्याची ती एकच जागा असते. त्यांच्या विश्रांतीचा विचार हा उपचारांचाच भाग मानला पाहिजे.

धर्मादाय रुग्णालयाचे कर्तव्य

२००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. ही व्यवस्था मोलाची आहेच. परंतु कंपवाताच्या रुग्णाला बहुतेक काळ खाटेची गरज नसते. त्याला दर आठवड्याची भेट हवी असते आणि तीही वर्षानुवर्षे. खाटांच्या हिशेबात ही सेवा दिसत नाही. तीन-चार भेटींनंतर रिक्षाचे भाडे आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला दिवस यांचा भार सोसवेनासा झाला की रुग्ण येणे थांबवतो आणि आजार वाढत राहतो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात पार्किन्सन्सचा समावेश झालेला आहे. निकषांत बसणाऱ्या रुग्णाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. अनेक कुटुंबांना याची माहिती नसते. ती देणे आणि कागदपत्रांसाठी साहाय्य करणे, हे वैद्यकीय समाजसेवा विभागाचे काम आहे.

या उपचारांना कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. एक हवेशीर सभागृह, जमिनीवरील रंगीत पट्ट्या, हातांच्या खुर्च्या, एक ढोलकी आणि प्रशिक्षित माणसांचा वेळ एवढी सामग्री पुरते. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महाग आहे. त्यासाठी निधीइतकेच मनुष्यबळही हवे. निवृत्त शिक्षक वाचनाचा सराव घेऊ शकतात, भजनी मंडळे ठेका धरू शकतात, शेजारचा महाविद्यालयीन तरुण आठवड्यातून एकदा रुग्णाला सभागृहापर्यंत आणू शकतो. आमच्या हितचिंतकांनी आणि देणगीदारांनी या दृष्टीने विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. तसेच ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांनी रुग्ण पडण्याची वाट न पाहता भौतिकोपचार विभागाची भेट घ्यावी आणि पहिल्या भेटीस येताना औषधांची यादी व घराचा साधा नकाशा सोबत आणावा.